पिठावरची पावलं

कोपरीत श्रीपादरावांना लोक कौतुकाने कमी आणि थट्टेने जास्त 'पावलंवाले' म्हणत. कॉलेजात ते भूशास्त्र शिकवायचे आणि घरी काठेवाडातून आलेल्या दगडी लाद्या पुढ्यात घेऊन बसायचे. लाद्यांवर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे होते. बोटं किती, टाच टेकली की नाही, दोन पावलांत अंतर किती, एवढ्यावरून जनावर कोणतं आणि ते चालत होतं की पळत, हे ते सांगायचे. मेलेल्या जनावराची चाल शोधून काय मिळणार, असं शेजारी विचारत. श्रीपादराव हसून सोडून देत.

त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी हेमा टायफॉइडने गेली, त्याला आज दहावा दिवस. श्रीपादराव रडले नव्हते. सुतकातले सगळे दिवस मान खाली घालून ते तीन बोटांच्या एका लहानशा डायनोसॉरच्या ठशांची चित्रं काढत होते. वाढलं की जेवत होते. लोक मागे काय बोलतात ते त्यांच्या कानावर येत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. कशाचंच वाटत नव्हतं.

हेमाने प्राण सोडला त्या जागी पीठ पसरून, शेजारी दिवा लावून, पिठावर दुरडी पालथी घातली होती. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं त्याचं पाऊल पिठावर उमटतं, म्हणतात. दिव्याचं तेल हेमाची आई सुमती बघायची. "माझी पोर कुठे गेली ते कळल्याशिवाय मला घास उतरायचा नाही," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती आणि खरोखरच चहापाण्यावर राहिली होती.

सकाळी श्रीपादरावांच्या थोरल्या बहिणीने, शुभदाताईंनी, दुरडी उचलली. "श्रीपाद, तूच बघ रे. तुझ्याइतकं कोणाला कळणार?"

"अहो, सांगा ना," सुमती म्हणाली.

श्रीपादराव गुडघ्यांवर बसले. पिठात बारीक, तीन बोटांच्या पावलांची एक ओळ होती. चिमणीला मागे चौथं बोट असतं. चिमणी दोन्ही पाय जोडून उड्या मारते, अशी एकामागून एक पावलं टाकत नाही. हा पक्षी नव्हता. स्वयंपाकघरातल्या दोरीवर वर्षानुवर्षं वाळत पडलेल्या त्यांच्याच चित्रांतलं हे जनावर होतं, बोटाच्या टोकाने चिमणीएवढं काढलेलं. कोरं पीठ सुमतीला बघवलं नसतं.

मग त्यांना आणखी एक दिसलं. उजवं पाऊल दर वेळी आत वळलेलं होतं. हेमाचं तसंच पडायचं, लहानपणापासून. ते सरळ व्हावं म्हणून सुमतीने किती वर्षं तेल लावून चोळलं होतं.

"चिमणी," श्रीपादराव म्हणाले. "चिमणीच आहे."

शुभदाताईंनी हात जोडले. "सुटली गं बाई पोर!" त्या पीठ गोळा करायला वाकल्या.

"थांब, ताई. मला मोजू दे."

त्यांनी पट्टी मागवली, वही उघडली. पहिल्या दोन पावलांतलं अंतर लिहिलं. तिसऱ्या पावलाशी पट्टीवरचे आकडे दिसेनात. त्यांनी डोळे पुसले, पुन्हा वाकले, तरी दिसेनात. हुंदका फुटला तो त्यांना स्वतःलाच परका वाटला.

सुमती शेजारी येऊन बसली. तिने त्यांच्या हातातली पट्टी घेतली, पिठाशी धरली आणि एकेक आकडा वाचून सांगू लागली.