खाराचं गाळणं

ताटलीएवढ्या पडद्यापायी अमृतलालने पाच वर्षं घासली. जळगावच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. उरलेल्या वेळात काचेवर द्रावण पसरायचा, ते बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, मग गरम पाण्यात मुरवायचा. अशा पडद्यावर खारं पाणी पंपाने दाबलं की मीठ अलीकडे राहून गोडं पाणी पलीकडे यायला हवं. शंभरेक पडदे फाटले नाहीतर गळले. लोक हसले. १९७४च्या श्रावणात एकदाचा एक साधला.

अमळनेरजवळच्या त्याच्या गावात सगळ्या विहिरी खाऱ्या. त्याची आई सूरजबाई साठीतही पाण्यासाठी कोसभर चालायची. उद्या सरकारी साहेब येणार होते. त्यांना पटलं तर गावात यंत्र बसणार, नाहीतर फाइल कायमची बंद.

टोपातल्या पाण्यात बुडवलेला पडदा आईपुढे ठेवत तो म्हणाला, "बाई, हे खाराचं गाळणं. नीट जप." आणि सकाळी साहेबांना आणायला अमळनेरला गेला.

बाई पक्की जैन. चातुर्मासात रातचं पाणी ठेवणं पाप, आणि ओलं गाळणं तसंच पडू देणं त्याहून मोठं, त्यात जीव धरतात. तिने टोपातलं पाणी अलगद विहिरीत सोडलं आणि पडदा सावलीत दोरीवर वाळत घातला. घरातलं प्रत्येक गाळणं ती तसंच जपत आली होती.

साहेबांसोबत परतलेल्या अमृतलालला तो दोरीवर दिसला, पापडासारखा आकसलेला. एकदा वाळलेला पडदा कामातून जातो. मेलेल्याला आंघोळ घालून कोणी उठवत नाही. तरी त्याने तो भिजवला, सोबत आणलेल्या नमुन्याच्या छोट्या यंत्रात बसवला, पंप मारला. पडदा तडकला आणि नळीखालच्या पेल्यात पाणी भसकन आलं.

साहेबांनी घोट घेऊन थुंकला. "हे तर विहिरीचंच! पडद्याला झालं काय?"

बाई शेजारीच उभी होती, कौतुकाने पदर सावरत.

"माझंच चुकलं, साहेब," अमृतलाल म्हणाला. "पडदाच कच्चा निघाला."

साहेबांनी फाइल मिटली. मान खाली घातलेल्या लेकाला पाहून बाईचा जीव तुटला. तिने पेला उचलला आणि तोंड जराही वाकडं न करता घटाघटा रिकामा केला.

"गोड शे, साहेब," ती म्हणाली, "मना पोऱ्यानं पानी गोड शे!"

साहेब जीपकडे निघाले. बाईने पेला पुन्हा नळीखाली धरला.