सातवी मात्रा

सायवनच्या आसपासच्या पाड्यांवर माझी आई, जिजाबाय, आल्याशिवाय लग्नाचं भात उखळात पडत नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, वैतागून सांगतो. लहानपणी उन्हाळा लागला की ती लोकांच्या मांडवात गायला जायची आणि मी घरी शिळी भाकरी चावत बसायचो. त्या रागातूनच मी वाजवणारा झालो असेन. डहाणूला एका गुरुजींकडे तीन वर्षं तबला शिकलो, मग कीबोर्ड धरला. २०१५ पासून तलासरीत आमची बँजो पार्टी आहे आणि सुनिलच्या पार्टीवर पब्लिक नाचत नाही असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

गुरुजी तालाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. सहा मात्रांच्या दादऱ्यावर माणूस झुलतो, म्हणायचे, आठाच्या केरव्यावर चालतो आणि सातांच्या रूपकावर सावध बसतो. प्रत्येक तालात अंग वेगळं हलतं, म्हणून एकाचं काम दुसऱ्याला सांगू नये. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, सातावर गरबा कोण खेळणार?

२०१७ साली माझ्या धाकट्या बहिणीचं, निलमचं, लग्न ठरलं. त्या मोसमात आईने लागोपाठ इतकी लग्नं गायली की तिचा घसा पार बसला. स्वतःच्या लेकीच्या लग्नात गाता येणार नाही म्हणून ती आतल्या आत झुरत होती. मला मात्र काळजी नव्हती. मागच्या थंडीत तिची कांडणाची गाणी मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. त्याला ठेका लावायचा, मोठ्या स्पीकरवर वाजवायचं आणि आईला चकित करायचं असं मी ठरवलं. तिला यातलं काहीच सांगितलं नाही.

तलासरीत अमृतभाईच्या मोबाईलच्या दुकानात कॉम्प्युटर आहे. तिथे बसून गाणं लावलं. ठेका काही केल्या बसेना. सहा मात्रा सरळ जायच्या आणि ओळीच्या शेवटी आई एक मात्रा गप्प व्हायची, मग पुढची ओळ धरायची.

"सुनिलभाई, ही जागा खाली कशाला?" अमृतभाईने विचारलं.

"दम लागतो तिला. वय झालं."

"मग काढून टाकू ने. पब्लिक नाचली पाहिजे."

आणि आम्ही ती काढली, प्रत्येक ओळीतून एकेक करून. संध्याकाळी गाणं पहिल्यापासून ऐकलं तेव्हा आई वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटली. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लग्नाचं भात कांडायचं काम बायकांचं. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. मी ती गाणी हजार वेळा ऐकली असतील, पण ती गाताना उखळापाशी काय चालतं ते कधी उभं राहून पाहिलं नव्हतं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मांडवात उखळ मांडलं. तानीकाकी, भिकी आणि रूपी अशा तिघींच्या हातात मुसळं. एकाच उखळात तिघींनी पाळीपाळीने घाव घालायचे. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं. उखळाशेजारी आई बसली. मधूनमधून दाणे खालीवर करायला गाणारीच तिथे बसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईने घसा खाकरला, पण आवाज फुटेना. स्पीकरच्या निमित्ताने मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. म्हटलं, "आये, तू नको गाऊ. ऐक फक्त." आणि स्पीकर चालू केला.

बायका हरखल्या. आई चमकून माझ्याकडे बघायला लागली, मग हसली. पहिल्या दोन ओळी सगळ्यांनी नुसत्या ऐकल्या. ढोलाचा ठेका जोरात होता, तिसऱ्या ओळीला मुसळं त्याच्यावर आपोआप उठली. तानीकाकी, भिकी, रूपी. पुन्हा तानीकाकी, भिकी, रूपी. सहा घाव झाले, ओळ संपली आणि आईचा उजवा हात उखळात गेला.

तानीकाकीचं मुसळ ढोलाबरोबर खाली आलं.

आई ओरडली नाही, तिचा आवाजच बसलेला होता. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. स्पीकरमधून मात्र ती गात होती, तरुण, ठणठणीत, न थांबता. पिवळ्या भातावर रक्त पसरत गेलं. बटण माझ्या हाताखाली होतं आणि मला ते दाबता येईना. निलमने धावत येऊन वायर उपटली तेव्हा कुठे आई गप्प झाली.

आमच्या बँजो पार्टीच्याच टेम्पोतून तिला डहाणूला सरकारी दवाखान्यात नेलं. हाताला साडीचा पदर गुंडाळलेला. चारोटी नाका आला. मग घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाली, "आवाज तर माझाच होता ना, पोरा?"

"हो, आये."

"मंग त्याला माझा हात कसा नाय दिसला?"

ती जागा मी दम म्हणून कापली होती. तिथे तिचा हात होता. इतकी वर्षं ती गाण्यात मोजून स्वतःच्या हातापुरती वाट ठेवत होती आणि मुसळं धरणाऱ्या ती वाट सोडत होत्या. मी, ताल शिकलेला माणूस, त्या वाटेला म्हातारपण समजलो. माझी मलाच शिसारी आली.

मधलं बोट अर्धं काढावं लागलं. त्याच्या शेजारच्या बोटाला टाके घातले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस राहा. आई म्हणाली, उद्या माझ्या लेकीची हळद हाय. मला सही करायला लावून ती बाहेर पडली.

ऊन कलताना परत आलो. रक्ताचं भात टाकून दिलं होतं, उखळ धुऊन ठेवलं होतं. तानीकाकी कुडाला टेकून बसली होती, तिने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. तिचं मुसळ शेजारच्या शुक्रीने उचललं होतं, पण पुढे यायला ती तयार नव्हती. कांडण झाल्याशिवाय हळद लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आईने पाट ओढला. स्वतः नाही बसली. मला म्हणाली, "बस तू."

"पुरुषमाणूस?" भिकी म्हणाली.

"बसू दे त्याला."

मी बसलो. नव्या भाताचा वास नाकात गेला. आई माझ्या मागे उभी राहिली, बांधलेला हात छातीशी धरून, आणि त्या फाटक्या आवाजात गायला लागली. शुक्री, भिकी, रूपी. मुसळांची लोखंडी कडी माझ्या तोंडासमोरून खाली जात होती, जमीन हादरत होती. सहा घाव झाले आणि सगळं थांबलं. माझा हात जागचा हलला नाही. आईने गाणं तोडलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. घामाने माझी बोटं चिकट झाली होती. पाच. सहा.

मी हात घातला. वर तिन्ही मुसळं थांबलेली होती. तळाचे दाणे गरम होते. मूठभर वर काढले, उलटे पाडले, हात बाहेर घेतला, तरी मुसळ आलं नव्हतं. एवढा वेळ होता तिथे. मग आईने पुढची ओळ धरली.