दोन आडव्या रेघा

"ह्यात 'इन'चा आय मोठा कसा काय, बाई?" साहेबांनी कागद टेबलावरून सरकवला. "आणि मधल्या रेघा कुठं गेल्या? सिस्टर-इन-चार्ज हे एकच पद आहे, तीन नाहीत."

टायपिस्टबाईंनी कागद उचलला. हॉस्पिटलच्या ऑफिसात वॉर्डातल्या सिस्टरच्या बढतीचा हा आदेश तिसऱ्यांदा परत येत होता. पहिल्यांदा बाईंनी रेघा दिल्या होत्या, त्या आधीच्या साहेबांनी खोडल्या. मग सगळी अक्षरं बारीक केली, तर मुख्य कचेरीनं 'पदाचा मान राखा' असा शेरा मारला. म्हणून आता तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं मोठी. बाईंची सव्वीस वर्षं असल्या रेघा घालण्यात आणि काढण्यात गेली होती. आताशा रागही येईनासा झाला होता.

"साहेब, सिस्टर आज पाचला रिटायर होतायत."

"मग? चुकीचं इंग्रजी पाठवू?"

"बारा वर्षं वॉर्ड त्याच सांभाळतायत. कागदावर अजून साध्या नर्स. उद्या हा आदेश कितीही शुद्ध निघाला, तरी त्याचं काय करायचं त्यांनी?"

बाई एरवी इतकं बोलत नसत. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"आणा लगेच. न वाचता सही करतो."

"वाचा, साहेब. बरोबरच आणते."

एस मोठा, आय बारीक, सी मोठा, मध्ये दोन रेघा. सही झाली तसा कागद घेऊन, दुखरे गुडघे सांभाळत बाई स्वतःच तीन जिने चढल्या.

सिस्टर एका रिकाम्या खाटेवरची चादर काढत होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"आज आला होय," त्या म्हणाल्या. मग बोट ठेवून, "ह्या रेघा कशाला हो?"

"त्या नसल्या तर शब्द सुटे पडतात. असल्या की मिळून एक पद."

"अगंबाई! एवढ्यासाठी अडलं होतं?"

बाईंना मान वर करवेना. "हो. माझ्याच टेबलावर."

कागदाची घडी करून सिस्टरनी खिशात ठेवली. मग धुतलेली चादर झटकली आणि तिचं एक टोक बाईंच्या हातात दिलं.

"धरा जरा. संध्याकाळी नवा पेशंट येतोय."

दोघींनी चादर ताणली, कोपरे गादीखाली खोचले. मधे राहिलेली एक सुरकुती सिस्टरनी तळहातानं सरळ केली, आणि त्या उशी आणायला वळल्या.