शिट्टी आणि अंगठा

पोहायला शिकवणारे सर गेले तेव्हा तलावाच्या काठावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पदकवाल्या पोरी, त्यांची पोरं, जुने सभासद, नवे सभासद, सगळे लोटले होते. तलाव चालवणाऱ्या मंडळानंही वेळ दवडला नाही. तलावाला सरांचं नाव द्यायचं ठरलं, पाटी रंगवून आली, दारावर चढली, तिच्यावर कापडही घातलं. कापड ओढायचं तेवढं बाकी होतं, आणि पेपरात बातमी आली.

सरांच्या निवड चाचण्या खोट्या होत्या, असं त्यांच्याच एका जुन्या शिष्याचं म्हणणं होतं. त्याचं नाव छापलं नव्हतं. सर काठावर एकटेच घड्याळ घेऊन उभे राहत. दुसऱ्या कुणी घड्याळ हातात धरलेलं त्यांना खपत नसे. जो नको असेल, त्याच्या वेळी शिट्टी वाजायच्या आधीच त्यांचा अंगठा बटणावर पडायचा. पोहणारा अजून भिंतीला चिकटलेला, आणि घड्याळ मात्र पळायला लागलेलं.

मंडळाचे चिटणीस ती बातमी खिशात घालून थोरलीकडे आले. थोरली म्हणजे सरांची सगळ्यात नावाजलेली शिष्या. उताण्या पोहण्यात तिनं देशाचा विक्रम केला होता, आणि आता त्याच तलावावर मुलींना शिकवत होती. चिटणिसांनी आधी तब्येत विचारली, मग पाण्यातल्या औषधाच्या वासाला नावं ठेवली आणि मग मुद्द्यावर आले. पाटी ठेवायची की काढायची, ते तिनं सांगावं. ती म्हणेल त्यावर कुणी तोंड उघडणार नाही.

"एक मात्र बघा," ते म्हणाले, "सर खोटे ठरले, तर लोक तुमच्याकडेही तिरप्या नजरेनं बघतील."

ते निघून गेल्यावरही वाक्य तिथंच बसून राहिलं.

खरं तर बातमी वाचल्यावर थोरलीच्या मनात सर आलेच नव्हते. आली होती धाकटी बहीण. कारण शिट्टी आणि अंगठ्याची ही गोष्ट थोरलीनं पूर्वी तिच्याच तोंडून ऐकली होती, घरातच, स्वयंपाकघराच्या दारात. दोघी बहिणी एकाच दिवशी चाचणीला उतरल्या होत्या. संघात जागा एक होती. थोरलीला मिळाली. घरी आल्यावर धाकटी ओल्या केसांनीच आईला म्हणाली की सरांनी शिट्टीच्या आधी बटण दाबलं. आई म्हणाली, हरलीस ती हरलीस, वर गुरूला नावं ठेवतेस? थोरली तिथंच उभी होती. तिला तेव्हा धाकटीची लाज वाटली होती. धाकटीनं पोहणं सोडलं ते सोडलंच.

आता सर उत्तर द्यायला नाहीत, हे पाहून हिनं डाव साधला, असं थोरलीनं धरून टाकलं. इतकी वर्षं मनात ठेवलं आणि नेमकं आत्ता पेपरवाल्याच्या कानात घातलं. बातमीचं कात्रण पर्समध्ये टाकून ती तडक धाकटीच्या दुकानात गेली.

धाकटीचं शिवणकामाचं दुकान. उंची कमी करायच्या पँटी, उसवलेली दप्तरं, कुणाकुणाचे पडदे. तोंडात टाचण्या धरून ती एका कोटाची बाही लावत होती. बहिणीला बघून तिनं भुवईनंच स्टूल दाखवलं. थोरली बसली नाही.

"तूच सांगितलंस ना?"

धाकटीनं टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मग कात्रण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, सावकाश वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, ते थोरली डोळ्यांत तेल घालून बघत होती. काही दिसलं नाही.

"ताई, तू हे पूर्ण वाचलंस का?"

"वाचलं."

"मग परत वाच. हा माणूस जुन्या तलावाचं बोलतोय. दगडी पायऱ्या, हिरवं पाणी. आपण आलो तेव्हा जुना तलाव बुजवून झाला होता. आपण दोघींनी तो बघितलासुद्धा नाही."

थोरलीनं कात्रण ओढून घेतलं. दगडी पायऱ्या तिथं होत्या. पहिल्याच परिच्छेदात होत्या. बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर धरून वाचलं, म्हणून त्या तिला दिसल्याच नव्हत्या. ती स्टुलावर बसली.

धाकटीनं पुन्हा सुई ओवली. तिला राग आलेला नव्हता, हेच थोरलीला अवघड जात होतं.

"मी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, नाही?" धाकटी म्हणाली. "बहीण जळते म्हणून सोडून देता आलं असतं. आता हा कोण कुठला, आपल्याआधीचा. त्यानं माझं ऐकलं नाही, मी त्याचं ऐकलं नाही, आणि दोघांनी एकच बघितलं."

बाहेर कुणीतरी पँट तयार झाली का म्हणून विचारून गेलं. धाकटीनं उद्या या म्हणून सांगितलं. तेवढ्यात थोरलीच्या मनातला प्रश्न घशापर्यंत आला. सरांचं काय व्हायचं ते होवो. आपली जागा आपली होती का?

"माझ्या वेळी?" तिनं विचारलं. "माझ्या वेळी अंगठा कधी पडला?"

"मी तिथं नव्हते. कपडे बदलायच्या खोलीत रडत होते." धाकटीनं दोरा दातानं तोडला. "मला काय विचारतेस? उताण्या पोहण्यात सुरुवातीला तोंड भिंतीकडे असतं. दांडी धरायची, पाय भिंतीला, आणि सर समोर वर उभे. त्यांचा अंगठा तुझ्या नाकासमोर होता."

"माझे डोळे मिटलेले होते," थोरली म्हणाली.

धाकटी हसली. मग बहिणीचा चेहरा बघून थांबली.

डोळे मिटून पोहायला शिकवणं ही सरांची ख्याती होती. शिट्टीची वाट कानांनी बघायची, हात मोजत जायचं, भिंत मनात धरायची. हे ते सगळ्यांना शिकवत नसत. 'ऐकणाऱ्या पोरीलाच हे जमतं' म्हणत आणि थोरलीच्या डोक्यावर हात ठेवत. तो हात तिनं आयुष्यभर मिरवला होता. मुलाखतींत सांगितला होता. धाकटीला त्यांनी हे शिकवायला घेतलं होतं, पण ती कशाला, का, म्हणून विचारत राहायची. शेवटी सरांनी तिचा नाद सोडला.

दुकानातून परत येताना थोरलीच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ती विद्या होती की डोळ्यांवर बांधलेली पट्टी? पुढची पदकं तिची होती, त्यात शंका नव्हती. मोठ्या स्पर्धेतलं यंत्र भिंतीला हात लागला की आपोआप थांबतं, ते कुणाचा लाड करत नाही. पण त्या यंत्रापर्यंत जायचं दार सरांच्या अंगठ्याखाली होतं. कदाचित तिचं घड्याळ चोख चाललं असेल. कदाचित उशिरा सुरू झालं असेल. सांगणारा एकच होता, आणि तो आता तलावाच्या दारात, हारातल्या फोटोत हसत होता. तिनं त्या हसण्याकडेही रोखून बघितलं. पूर्वी ते हसणं बापासारखं वाटायचं.

मग काठावर येऊन ती मुलींच्या सामानाची पिशवी उघडायला गेली आणि तिचा हात घड्याळावर थांबला.

मुलींमध्ये एक होती, तिला सगळ्या 'वकील' म्हणायच्या. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायची. डोळे मिटायला सांगितलं तर म्हणायची, मॅडम, मग भिंत काय तुम्ही बघणार? मागच्या आठवड्याच्या चाचणीत वकील थोडक्यात राहिली होती. पाण्यातून वर येऊन तिनं विचारलं होतं की शिट्टी आणि घड्याळ बरोबरच सुरू झालं का. थोरलीनं तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. आपला अंगठा त्या वेळी नक्की कधी पडला, ते आता तिला आठवेना. मुद्दाम तर नव्हतंच. पण सर तरी मुद्दाम करत होते का? का नकोशी पोर समोर आली की अंगठा आपसूकच घाई करतो?

चिटणीस उत्तर घ्यायला आले तेव्हा ती काठावरच होती. पाटी काढा, म्हणाली. मुलींचे पदकांचे फोटो राहू द्या, ते त्यांनी यंत्रासमोर कमावलेत.

चिटणिसांनी आवाज खाली आणला. "पुरावा काय?"

"पुरावा नाहीच. त्यांनी कुणाला घड्याळ धरू दिलं असतं तर असता."

"आणि तुमचं नाव निघालं तर?"

"निघेल," ती म्हणाली. "मला विचारलं तर सांगेन, मला माहीत नाही."

चिटणीस तिच्याकडे असे बघत गेले, जणू ही काहीतरी लपवतेय.

मागच्या आठवड्याची चाचणी पुन्हा घ्यायची म्हणून तिनं धाकटीला बोलावणं धाडलं. धाकटी आधी नाही म्हणाली, मग दुकानाला कुलूप लावून आली. इतक्या वर्षांनी तिनं त्या काठावर पाय ठेवला होता, तोही चपलेसकट, म्हणून मुलींनीच तिला टोकलं. थोरलीनं दुसरं घड्याळ तिच्या हातात दिलं. धाकटीनं ते उलटसुलट करून बघितलं, कानाला लावलं.

"ताई, माझ्यावर विश्वास आहे?"

"नाही," थोरली म्हणाली. "म्हणून तर दोन घड्याळं आहेत."

"हे बरं केलंस," धाकटी म्हणाली आणि चपला काढून शेजारी उभी राहिली.

वकील पाण्यात उतरली. दांडी धरली, पाय भिंतीला रोवले. सवयीनं थोरली डोळे मिट म्हणणार होती, पण शब्द गिळला.

"डोळे उघडे ठेव," ती म्हणाली. "माझ्या हाताकडे बघ."

पोरीनं तिच्याकडे बघितलं, मग शेजारच्या अनोळखी बाईच्या हाताकडे, मग परत तिच्या. त्या नजरेत मान नव्हता, राग नव्हता. दुकानदार पैसे मोजताना गिऱ्हाईक जसं बघतं, तसं ते बघणं होतं. थोरलीनं शिट्टी ओठांत धरली. अंगठा बटणावर ठेवला, आणि पोरीबरोबर तिनंही पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं.