लेहरा धरणारा

प्रसेनजीतचा डावा हात जन्मभर भाता मारण्यात गेला. पेटीवाल्यांचं असंच असतं. वाजवायचं ते उजव्यानं. तबलजीचं एकट्याचं वादन असलं की त्याला लेहरा धरायला बोलवत. तबलजी हवी ती करामत करो, पेटीवाल्यानं तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहायची. ‘तबल्याकडं कान दिलास की सम हुकली म्हणून समज,’ असं उस्तादानं बजावलं होतं, आणि हा पठ्ठ्या ते इमानानं पाळत आला.

१९९३च्या हिवाळ्यात तो एका शाळेतल्या पायपेटीचा भाता बदलायला गेला. तिथं पलीकडच्या पियानोवर शाहूपुरी पेठेतल्या गूळव्यापाऱ्याची मुलगी, त्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी विद्याश्री तीनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन रचनेशी झटापट करत होती. डाव्या हाताला खर्जातले तेच आठ सूर, फिरून फिरून. उजव्याला दर फेरीत नवं काहीतरी. बिचारीचे दोन हात एकमेकांचं ऐकत नव्हते.

“अवो, ह्यो तर लेहराच हाय की!” प्रसेनजीत म्हणाला. “सरका जरा. ह्यो मी धरतो.”

तो बाकाच्या डाव्या टोकाला बसला आणि उजव्या हातानं आठ सूर धरले. त्यानंतर पाच महिने, दर शनिवारी. भाता कधीच बदलून झाला होता, पण विचारतंय कोण! तिचं कोपर त्याच्या कोपराला लागायचं आणि तो आणखी नेटानं मात्रा मोजायचा. जीव जडला होता, पण तो बौद्धवाड्यातला, ती लिंगायत शेठची लेक. बोलायची छाती नव्हती, मोजणं तेवढं जमत होतं.

शेवटच्या शनिवारी तिनं शेवटची फेरी फार सावकाश वाजवली आणि विचारलं, “ऐकलंसा काय?”

“एकदाबी सम हुकली न्हाय,” तो मान ताठ करून म्हणाला.

विद्याश्रीनं वही मिटली. वैशाखात तिचं लग्न झालं, ती धारवाडला गेली.

मग दहा वर्षं प्रसेनजीत आपल्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात रोज ते आठ सूर वाजवायचा. गिऱ्हाइकं चिडवत, “पावणं, फुडचं येत न्हाय व्हय?” तो हसायचा. पुढचं धारवाडला होतं. ती कधीतरी येईल, शेजारी बसेल, तेव्हा हात अडखळायला नको, एवढंच त्याचं म्हणणं.

२००४ साली शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला ती आली. ती आल्याचा निरोप मिळताच हा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. ती पियानोच्या बाकावर मधोमध बसली होती.

“सरका की,” तो म्हणाला.

“नगं. आता मला दोन्ही हातांनी येतंय. तुमी समोर बसा. नुसतं ऐका.”

इतकी वर्षं वाट बघितली आणि जागाच गेली! त्याला राग आला, मग रडू. तरी बसला. आठ सूर तिच्या डाव्या हातात नीट चालले होते. मोजायला काही उरलंच नव्हतं. म्हणून तो वरचं, तिच्या उजव्या हातातलं, ऐकू लागला.

आधी ती विचारत होती. मग आर्जवं करू लागली. मग रुसली, परत आली, तेच आणखी हळू मागू लागली. आणि खाली ते आठ सूर ढिम्म, आपल्याच नादात. प्रसेनजीतच्या आत्ता ध्यानात आलं. ही बया दर शनिवारी शेजारी बसून एवढं बोलत होती, आणि आपण मोजत बसलो होतो!

“परत एकदा वाजवता?” त्यानं विचारलं.

विद्याश्रीनं डोळे पुसले, घड्याळ बघितलं. “साडेचारची गाडी हाय धारवाडची,” ती म्हणाली, आणि पियानोचं झाकण लावलं.