जादा पाटे

मित्रांनो, गंजून एका जागी खिळलेली ही जुनी मालमोटार म्हणजे मी. आता फार थकले आहे. लढाईसाठी बनले, लिलावात विकली गेले आणि मूल गावच्या भैयाजी व्यापाऱ्यांचं धान वाहू लागले. जंगलातल्या चाकोऱ्यांनी माझ्या चाकांवरच्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, पार बसल्या. मग १९५५ साली भैयाजींनी मागच्या दोन्ही कमानींत दोन-दोन जादा पाटे घातले.

काय सांगू! चाळीस पोती लादली तरी पाठ वाकेना, वळणावर झुलेना. भैयाजी बाजारभर माझं कौतुक सांगत फिरले. रिकामी असले की मात्र ते कडक पाटे दबत नसत आणि मी माणसाची हाडं खिळखिळी करी. ते फक्त माझा ड्रायव्हर मुखरू जाणत होता.

पौषात एका गावी धान आणायला गेलो, तर कुंता नावाची सून दोन दिवसांपासून अडलेली. आसपास दुसरी गाडी नव्हती. मुखरूने मागे धानाचं तणस अंथरून तिला निजवलं आणि चांद्याच्या दवाखान्याची वाट धरली. गावाच्या वेशीपर्यंतच ती तीनदा किंचाळली.

"थांबव गा मुखरूभाऊ!" सोबतची सुईण भागीरथा ओरडली. "पोरगी वाटेतच मरते अशानं!"

"रिकामी हाय म्हनून उडून राह्यली, बाई. वजन पाह्यजे. भरलेले पोते हायेत का?"

"कुठी? धान अजून ढिगातच हाय."

कुंताचा सासरा इस्तारी मागून धावत आला होता. तो म्हणाला, "मंग आमचं वजन काऊन नाई चालनार?"

त्याने गावाला हाका मारल्या. हातातली कामं टाकून वीस-पंचवीस माणसं आली आणि दाटीवाटीने बसली. माझे पाटे दबले. मी मऊ चालू लागले. मला फार भीती वाटत होती.

कुंता वाचली. बाळ वाचलं नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

"जादा पाटे काढून टाका, भैयाजी," परतल्यावर मुखरू म्हणाला.

"येडा झाला का? धानाची गाडी हाय ते!"

पाटे राहिले. मी आणखी कितीतरी वर्षं पोती वाहिली, पण त्या कौतुकाचं मला पुन्हा कधी सुख वाटलं नाही.

मित्रांनो, गाडी मजबूत जरूर करा. पण त्याआधी आजूबाजूला दुसरी गाडी आहे का, ते बघा. नसेल, तर तुमची आईही एक दिवस त्याच कडक गाडीतून दवाखान्यात जाणार आहे.