रविवारची खाडीवार्ता

मित्रांनो, मी एक जुने छपाईयंत्र आहे. तुम्ही झेरॉक्सचे यंत्र पाहिले असेल. ते नुसते उजेड पाडते. मी खरोखर छापत असे.

अमृतसरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून ट्रकमध्ये बसून मी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये आले. माझ्यावर 'खाडीवार्ता' हे दैनिक छापले जाई. यंत्रचालक परशुराम मला रोज तेल देत आणि मालकांपेक्षा जास्त अदबीने माझ्याशी बोलत. मी सुरू झाले की शेजारच्या कारखान्यातला चहा कपात हिंदकळे. लोक कौतुकाने डोकावत आणि मी आणखी आवाज करी.

पुढे घरोघरी टीव्ही आला. रविवारी सकाळी तर सारे ठाणे त्याच्यासमोर मांडी घालून बसू लागले. आमचा खप उतरला. तेव्हा मालक सुधीर कर्णिक यांनी रविवारची खास आवृत्ती काढायचे ठरवले.

"साहेब, सहा दिवस कोणी वाचत नाही. आता सातव्या दिवशी पण वाचणार नाही," परशुराम म्हणाले.

"दिवाळीपर्यंत बघू. नाही चालली, तर हे धूड भंगारात."

हे माझ्यासमोर! त्या दिवशी मी दोनदा कागद फाडला.

रविवारच्या अंकात पाककृती होत्या, राशिभविष्य होते आणि सुधीररावांनी टोपणनावाने लिहिलेली खुनाची रहस्यकथा होती. अंक उठावदार दिसावा म्हणून परशुरामांनी शाई सढळ हाताने घातली. तरीही बहुतेक गठ्ठे जसेच्या तसे परत आले. सुधीररावांनी ते न बघता खोपट भागात मासळी विकणाऱ्या शेवंतीला देऊन टाकले.

सोमवारी, मंगळवारी मासळीला फारसे गिऱ्हाईक नसते. बुधवारी शेवंतीने त्या अंकांत पापलेटे बांधून दिली. आता नीट लक्ष द्या. माझे अक्षरांचे खिळे उलटे, त्यामुळे कागदावरचा मजकूर सुलटा. आणि कच्ची शाई ओल्या माशाला लागली की मजकूर पुन्हा उलटा. घरोघरी पुडी उघडली, तेव्हा पापलेटाच्या पांढऱ्या पोटावर खुनाची गोष्ट उमटलेली होती. धुतल्यावर ती जाणार, म्हणून लोकांनी आधी वाचून घेतली.

शुक्रवारी शेवंती टोपली घेऊन थेट छापखान्यात आली.

"सुदीरशेट, त्या म्हाताऱ्याला कोनी मारला, सांग बगू! गिऱ्हाईक माजा जीव खातंय."

"कुठला म्हातारा?"

"तुज्या पेपरातला! एक बाई बोलली, निम्मी गोष्ट आरशात वाचली, निम्मी नवऱ्यानं खाल्ली."

सुधीररावांचा चेहरा पडला. "परशुराम, आपल्या अंकात मासे बांधतात. अब्रू गेली."

"गेली साहेब. पण वाचक आला."

"अब्रूचं र्‍हाऊ दे," शेवंती म्हणाली. "रविवारी टीवी लागायच्या आधी सगली माज्याकडं येतान. ताजा मावरा, ताजा पेपर, दोनी विकते."

"माझा पेपर मासळीच्या पाटीवर?"

"मंग भंगारात घाल तुजी मशीन!"

सुधीरराव बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी जमेल तितके केविलवाणे दिसायचा प्रयत्न केला. लोखंडाला ते अवघड जाते. शेवटी ते म्हणाले, "परशुराम, गठ्ठे बांधा. आणि शाई कमी घाला."

"कमी नको!" शेवंती ओरडली.

त्या रविवारी टीव्ही सुरू होण्याआधीच तिची पाटी रिकामी झाली. दिवाळी आली आणि गेली. मी जागेवरच होते. पुढे नवे ऑफसेट यंत्र आले, तेव्हाही सुधीररावांनी मला विकले नाही. आज मी छापखान्याच्या दारात उभे आहे. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घालतात. मित्रांनो, तसे करू नका, गंज चढतो. आणि वर्तमानपत्रात खुशाल मासळी बांधा, माझी काही तक्रार नाही. फक्त त्याआधी एकदा वाचून घ्या.

शेवंतीची मात्र तक्रार होती. दुसऱ्याच आठवड्यात ती तणतणत आली होती, "आमचा पेपर सगला खपला! आता मासं काय पदरात बांधू?"

मग परशुरामांनी तिला मुंबईच्या एका बड्या दैनिकाची रद्दी आणून दिली.